आयोनीच्या तळघरातली वीज

माझी थोरली बहीण आयोनी घाबरट कधीच नव्हती. लहानपणी आमच्या शेतावर वळू सुटला तेव्हा मी कोंबड्यांच्या खुराड्यावर चढून बसले होते आणि ती बादली बडवत त्याच्यासमोर उभी राहिली होती. त्यामुळे त्या जूनमधल्या सोमवारी दुपारी तिचा फोन आला आणि पलीकडून नुसता श्वास ऐकू यायला लागला, तेव्हा मी हातातलं काम टाकून खाली बसले.

"मार्लिस, तू एकटी आहेस का?"

"एकटीच आहे. काय झालं? लाइल बरा आहे ना?"

"तो वर जेवतोय. मी तळघरातनं बोलतेय." ती आणखी हळू बोलायला लागली. "मला मशीनचा शॉक बसला."

मला हसू आलं. आयोनीच्या तळघरात कपडे धुण्याची जुनीपुराणी मशीनं भिंतीला लागून ओळीने उभी होती. बहुतेक आमच्या आईच्या काळातली. "एवढ्या डबड्यांमध्ये राहून हा पहिलाच शॉक असेल तर मेजवानी दे," मी म्हटलं.

"तसा नाही गं. मी मागचं झाकण उघडून बघितलंय." "मार्लिस, ते काम लाइलचं आहे."

यात एवढं भिण्यासारखं काय, ते लाइल ब्रेक्केला ओळखणाऱ्यालाच कळेल. माझा मेहुणा आयुष्यभर वीज कंपनीत तारांवर काम करत होता. आमच्या आयोवात बर्फाचं वादळ झालं की तारा तुटतात आणि आख्खे तालुके अंधारात जातात. तेव्हा खांबावर चढणाऱ्यांतला तो. एरवी सगळ्या गोष्टींची थट्टा करणारा माणूस, विजेची कधी केली नाही. आमच्या पोरांना त्याने शिकवून ठेवलं होतं, की यंत्राचा संशय आला तर तळहात लावायचा नाही, बोटांची मागची बाजू टेकवायची. तळहात लावला तर झटक्याने मूठ आवळते आणि सुटत नाही.

मशीनांचा नाद मात्र मुळात आयोनीचा. लाइल निवृत्त झाल्यावर दोघं एका शेतावरच्या लिलावाला गेली होती. तिथे पिळायचे रूळ असलेलं एक मशीन पडलं होतं, अगदी आईचं होतं तसं. कोणी बोली लावेना. आयोनी म्हणाली, "हे आपण नेऊ." त्याने मोटर चालू केली, तिने गंज खरवडून इनॅमल चढवलं, रबर बदललं. मग दुसरं आलं, मग पुढून काचेचं दार असलेलं. दर सोमवारी धुणं वेगळ्या मशीनवर. त्या काचेच्या मशीनसमोर दोन घडीच्या खुर्च्या टाकून, हातात कॉफी घेऊन दोघं फिरणारे कपडे बघत बसायची, आपण टीव्ही बघतो तसे. मी चिडवायची, "काय, तुमची मालिका कुठवर आली?" तर लाइल बोट वर करून म्हणायचा, "थांब, आता पिळायला लागणार आहे, मध्ये बोलू नकोस."

आणि या नादातले लोक काही कमी नाहीत बरं. वर्षातून एकदा मिनेसोटा, नेब्रास्का, कुठून कुठून ही मंडळी एकमेकांच्या घरी जमतात. येताना घरचे मळके कपडे घेऊन येतात आणि दिवसभर हौसेने धुतात. त्या शनिवारी ते सगळे आयोनीकडे यायचे होते.

सोमवारी झालं होतं ते असं. लाइलने नुकतंच एक हिरव्या इनॅमलचं मशीन पूर्ण केलं होतं. आयोनी त्यात टॉवेल धुवत होती. खालची फरशी ओली, पायात गमबूट. टॉवेल उचलताना तिचं कोपर कडेला लागलं आणि खांद्यापर्यंत कळ गेली. तिला वाटलं, शीर आखडली. मग लाइलने शिकवलं होतं तशी तिने बोटांची मागची बाजू टेकवली. या वेळी ती मागे जाऊन खाली बसलीच. कपडे ढवळायच्या लाकडी दांड्याने तिने प्लग ओढून काढला, झाकण उघडलं. विजेच्या काळ्या तारेचा जोड उघडाच होता, वर टेपच नाही, आणि तारेचे केसासारखे तंतू लोखंडी सांगाड्याला लागलेले. अर्थिंगची हिरवी तार कुठेच जोडलेली नव्हती, नुसती लोंबत होती.

"गमबूट नसते तर..." ती फोनवर म्हणाली.

"एखाद्या वेळी होतं. वय झालंय त्याचं."

"लाइलच्या हातून? टेप लावायची राहिली?"

दुसऱ्या दिवशी सकाळी लाइल नेहमीसारखा धान्याच्या कोठारावर मित्रांबरोबर कॉफी प्यायला गेला. गाडी वळणाआड गेल्याबरोबर आयोनी पेचकस घेऊन तळघरात उतरली आणि एकेका मशीनची पाठ उघडायला लागली. जुनी कामं बघून तिला धीर आला. प्रत्येक जोड आवळलेला, तारा वेणी घातल्यासारख्या. मग तिने हिवाळ्यानंतरची मशीनं उघडली. एकात दोन तारांची अदलाबदल. दुसऱ्यात स्क्रू नुसता टेकवलेला. तिसऱ्यात तार मध्येच सोडून दिलेली, जणू कोणीतरी हाक मारली आणि कारागीर उठून गेला.

तिने मला ते सांगितलं तेव्हा तिचे दात वाजत होते. जूनमध्ये.

तेव्हा मग सगळं एकदम तिच्या अंगावर आलं. लाइल मार्चमध्ये चर्चला निघाला आणि जुन्या, कधीच पाडलेल्या चर्चच्या जागी गाडी लावून बसून राहिला होता. मला दोनदा त्याने आयोनी म्हणून हाक मारली होती. त्या वेळी आम्ही हसलो होतो. आता हसू येईना, कारण लाइलची आई आम्ही दोघींनी बघितली होती. शेवटी शेवटी ती एकच उशीचा अभ्रा सकाळपासून संध्याकाळपर्यंत इस्त्री करायची, आणि लाइल तिच्याशेजारी उभा राहून इस्त्रीचा प्लग काढून ठेवायचा. "असं व्हायच्या आधी मला नदीत ढकल," असं तो आयोनीला गाडीत म्हणाला होता. नेहमीची थट्टा, पण तिच्याकडे न बघता केलेली.

"शनिवार रद्द कर," मी म्हटलं.

"कशासाठी म्हणून सांगू?"

"खरं ते सांग."

"तुला काय जातंय सांगायला! तो जगात एकच गोष्ट धड करतो असं त्याला वाटतं, आणि ती आता येत नाही, हे मी त्याला सांगू? भाजी वाढताना सांगू का चर्चला जाताना?"

तिने काहीच सांगितलं नाही. त्याऐवजी तिने त्याच्या पाठीमागे स्वतःच सगळे जोड दुरुस्त केले, टेप लावली, हिरव्या तारा आवळल्या. आणि मग त्या आठवड्यात तिची झोप, जेवण, सगळं गेलं. लाइल जिन्याकडे वळला की हातातलं टाकून ती मागे. तो खाली जाऊन नुसता उभा राहिला तरी ती टोपली घेऊन हजर.

"काय गं," गुरुवारी तो वैतागून म्हणाला, "माझ्यामागे पोलीस लावलाय का?"

"मला साबण हवाय."

"सकाळपासून किती साबण नेलास? खातेस का काय?"

ती हसली म्हणे. वर स्वयंपाकघरात आली तेव्हा तिच्या हातात खरंच साबणाची वडी होती आणि बोटं त्यात रुतली होती.

शुक्रवारी मी मदतीला गेले. मोठ्या पातेल्यात बटाट्याचं सॅलड करून नेलं होतं. आयोनी मागच्या अंगणात टेबलावरची कापडं वाळत घालत होती. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. मी पातेलं खाली ठेवणार तेवढ्यात ती थबकली. दातात कपड्यांचा चिमटा तसाच. तळघराच्या बुटक्या खिडकीतून मोटरचा आवाज येत होता, घुम घुम, संथ.

"ते हिरवं आहे," ती म्हणाली. आवाजावरून ती कुठलंही मशीन ओळखायची.

"मग काय झालं? तू तर दुरुस्त केलंस ना?"

"मी त्याचा प्लग वायरीवरून कापून लपवला होता. फडताळात. त्याने नवा जोडला." आणि ती पळत सुटली.

म्हणजे त्याने मशीन पुन्हा उघडलं होतं. मीही पातेलं कवटाळूनच तिच्यामागे धावले. जिना अरुंद, तिच्या खांद्यावरून मला जेवढं दिसलं तेवढं आजही जसंच्या तसं दिसतं. नळी निसटून फरशीवर पाणी पसरलं होतं. लाइल त्या पाण्यात मोज्यांवर उभा. टॉवेल रुळांत घालायला त्याने उजवा हात पुढे केलेला. रुळाच्या लोखंडी दांडीत आणि त्याच्या बोटांत वीतभरसुद्धा अंतर नव्हतं.

"लाइल! हात लावू नकोस!"

असा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. वळूसमोरही नाही.

तो थांबला. हात तसाच हवेत. "काय झालं? घर पेटलं का?"

"मागे हो. लाइल, माझं ऐक, मागे हो."

"अगं, नुसतं मशीन..."

"मागे हो!"

तो मागे झाला. तिचा चेहरा बघून झाला असेल. मग मशीनकडे बघितलं, आपल्या ओल्या मोज्यांकडे बघितलं. शर्टाच्या खिशात तो कायम एक पेनासारखा टेस्टर ठेवायचा, नुसता जवळ नेला तरी वीज कळते असा. तो त्याने काढला आणि लांबूनच मशीनच्या कडेकडे नेला. टोकाला लाल दिवा लागला.

मोटर चालूच होती. घुम घुम. पाण्यात उभा राहून तो त्या दिव्याकडे बघत राहिला आणि माझ्या मनात एकच, आता याने चुकून हात टेकवला तर. आयोनी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर होती. खाली पाणी, तिच्या पायात कापडी बूट. ती उतरू शकत नव्हती आणि तिला थांबवतही नव्हतं. तिने कठडा इतका घट्ट धरला होता की तो करकरला.

लाइल भिंतीच्या कडेकडेने, कोरड्या बाजूने गेला आणि त्याने मेन स्विचचं मोठं बटण खाली पाडलं. सगळं तळघर बंद झालं, दिवासुद्धा. खिडकीतून तेवढा उजेड येत होता.

"हे मी केलं?" तो म्हणाला.

तो मशीनच्या झाकणाकडे बघायला लागला.

"जोडांवर कोणीतरी टेप गुंडाळली होती. शिकाऊ पोराने गुंडाळावी तशी. मला वाटलं, आधीच्या मालकाचं काम राहिलं असेल. म्हणून काढून नीट केलं."

"ती मी लावली होती."

"तू?"

"सोमवारी मला शॉक बसला, लाइल."

तो त्या घडीच्या खुर्चीवर बसला. दुसरी खुर्ची भिंतीला टेकवलेली होती, ती त्याने उघडली आणि तिच्याकडे सरकवली, पण आयोनीला हलताच येत नव्हतं.

"हिवाळ्यापासून होतंय," तो म्हणाला. "तार हातात घेतो तोवर सगळं माहीत असतं. मग शिंक यावी तेवढ्यात जातं. हातात काळी तार, आणि ही कशाला धरलीय तेच कळत नाही. मग मी जे जवळ असेल त्याला जोडतो."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू का नाही सांगितलंस?"

मी पातेलं जिन्याच्या पायरीवर ठेवलं.

"आईसारखं आहे का गं हे?" त्याने विचारलं. साठ-सत्तर फूट उंच खांबावर वादळात शीळ घालणारा माणूस, त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

"मला माहीत नाही," आयोनी म्हणाली. मग ती पाण्यातूनच चालत त्याच्यापाशी गेली.

पुढचं काम त्याचं त्याने केलं. वर येऊन त्याने ओमाहाला कर्टिस पोलमनला फोन लावला. कर्टिस शाळेत बँड शिकवतो आणि या मशीनवाल्यांपैकी एक, आमचा जुना मित्र. लाइल भिंतीकडे तोंड करून बोलला. "कर्टिस, उद्या सगळ्यांच्या आधी ये. मीटर घेऊन ये. नाही, मशीनं छान आहेत. माझ्या कामाचा भरवसा राहिला नाही, म्हणून." पलीकडून कर्टिस काय म्हणाला कोण जाणे, लाइल म्हणाला, "हो रे बाबा, मीच बोलतोय."

कर्टिस पहाटे निघून सकाळीच आला. एकेक मशीन तपासत गेला. आयोनीने दुरुस्त केलेली सगळी ठीक निघाली. तिला जरा हायसं वाटत होतं, तेवढ्यात तो गुलाबी मशीनपाशी थांबला. हे आयोनीने उघडून बघितलं होतं आणि चांगलं आहे म्हणून बंद केलं होतं.

"याच्या आत, टायमरच्या मागे तार उघडी आहे," कर्टिस म्हणाला, "इथून दिसत नाही. हात घालूनच कळतं."

आयोनी जिन्यावर जाऊन बसली. सगळ्या बायका आल्याबरोबर त्या गुलाबी मशीनवर हात ठेवून उभ्या राहतात, रंगच तसा आहे. मी स्वतः आदल्या वर्षी त्याला टेकून सॅलड खाल्लं होतं.

मंडळी आली, मळके टॉवेल, चादरी, एकाने तर गॅरेजमधले तेलकट कपडे आणले. लाइल जिन्यावर उभा राहिला आणि म्हणाला, "मित्रांनो, यंदा वायरिंग कर्टिसचं, इनॅमल आयोनीचं आणि बढाया माझ्या." सगळे हसले. कर्टिस बाहेर जाऊन नाक शिंकरून आला. आयोनी दिवसभर त्या मोठ्या बटणाशेजारी उभी होती. कोणी जेवायला बोलावलं तरी हलली नाही. कोणाचाही हात पाण्यात गेला की तिचा हात बटणाकडे जायचा.

नंतर आयोवा सिटीच्या डॉक्टरांनी दुखण्याला नाव दिलं. ते आम्हाला माहीतच होतं. आयोनीने सगळे पेचकस आणि पकडी वरच्या मजल्यावर नेऊन कुलपात ठेवल्या. तो शोधत फिरायचा. एकदा लोण्याच्या सुरीने मोटर उघडताना सापडला. "तो घरात कुठेही गप्प बसला की माझं काळीज धडधडतं," ती म्हणायची, "आणि आवाज केला तरी धडधडतं." तळघराचं बटण ती कायम पाडून ठेवायची, पण एकदा राहिलं. ती वरच्या खोलीत होती आणि खालून पाणी भरल्याचा आवाज आला. ती जिन्यात पोचली तेव्हा काचेच्या मशीनमध्ये टॉवेल फिरत होते. साबण बरोबर घातलेला, दार नीट बंद, आणि लाइल खुर्चीवर. त्याने तिच्याकडे बघून बोट वर केलं. ती जाऊन शेजारी बसली. पिळणं संपेपर्यंत बसली, पण नजर मशीनवर नव्हती, त्याच्या हातांवर होती.

तो शेजारच्या गावातल्या शुश्रूषागृहात राहायला गेला, एका हिवाळ्यात न्यूमोनिया झाला आणि संपला. बरीचशी मशीनं आयोनीने त्या मंडळींना वाटून टाकली. थोडी ठेवली.

गेल्या शरद ऋतूत मी तिच्याकडे गेले तेव्हा तळघरात नवीन पाहुणा होता. बसून इस्त्री करायचा जुना मोठा रूळ, पायाच्या बटणाने चालवायचा, आख्खी चादर एका दमात निघते असला. कुठल्याशा लिलावातून आणलेला. तिने रंग दिला होता, वरचं कापड बदललं होतं, तारासुद्धा नव्या घातल्या होत्या. पण वर चादर झाकलेली आणि प्लग सुतळीने बांधून वर टांगलेला.

"चालव ना," मी म्हटलं.

"कर्टिसच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. तो येईपर्यंत नाही."

"अगं, एवढी वर्षं तूच सगळ्या तारा जोडतेस. तुझ्यात काय खोट आहे?"

"मार्लिस, मी हे पुन्हा पुन्हा तपासलंय. दर वेळी बरोबर वाटलं." तिने चादर नीट केली. "लाइललाही बरोबरच वाटत होतं."

मग ती म्हणाली, "परवा मी तुला फोन केला होता बघ. आणि तू उचललास तेव्हा कशासाठी केला तेच आठवेना. म्हणून हवामानाचं बोलले."

"ते मलाही होतं. या वयात सगळ्यांनाच होतं."

"तुला होतं तेव्हा कोणाला शॉक बसत नाही," ती म्हणाली आणि कॉफी करायला वर गेली.

डिसेंबरमध्ये कर्टिस काठी टेकत आला. मीटर लावून बघितलं, आत हात घालून बघितलं. तिचं काम निर्दोष होतं. त्याने स्वतः प्लग लावला आणि तिला खुर्ची दिली. आयोनी बसली, पाय ठेवला, रूळ फिरायला लागला. तरी चादर आत घालायच्या आधी ती बराच वेळ नुसती बसून होती. हात मांडीवर, तळवे आत वळवलेले, बोटांची मागची बाजू रुळाकडे.